७० हजारात जुनं रंधा मशीन आणि कटर, गावात सिंगल फेज: काय पाहून घेऊ?

आर्वी_चौकट
राम राम मंडळी. आर्वी तालुक्यात खेड्यावर शेड आहे, २० बाय ३० फूट, पत्र्याची. काम चौकटी, पल्ले, खिडक्या, दिवाण. सध्या सगळं हातरंधा आणि हातातल्या इलेक्ट्रिक रंध्यावर. लाकूड मुख्यतः सागवान, थोडं बिजा नि बाभूळ, आणि त्यातलं निम्मं जुन्या घरांची म्यालं (तुळया), म्हणजे खिळ्यांचं. चौकटीचे पाय ४ बाय ३ इंची, ७ फुटी.

वाहतूक धरून ७० हजार आहेत. तीन मशीन विकाऊ आहेत:

१) नागपूर: १२ इंची रंधा, बिडाचा, बेड एकूण ५ फूट. बाजूला १२ इंची गोल आरी. ३ एचपी थ्री फेज मोटार. मागणी ५२ हजार.
२) अमरावती: ९ इंची रंधा, पत्रा-अँगलची फ्रेम, बेड ३ फूट, २ एचपी सिंगल फेज. रंग नवा, पाती नवी. मागणी ३४ हजार.
३) वर्धा: १८ इंची थिकनेसर, मोटार नाही. मागणी ४० हजार.

शेडमध्ये सिंगल फेज आहे, संध्याकाळी १८० व्होल्टपर्यंत उतरतं. शेतातल्या पंपाला थ्री फेज आहे, शेडपासून ४० मीटरवर. कोणतं घ्यावं, आणि जाऊन नेमकं काय तपासावं?

बीड_बेअरिंग
तिसरं सध्या बाजूला ठेवा. थिकनेसर लाकूड एकसारख्या जाडीचं करतो, सरळ करत नाही. आतले रोलर वाकडी फळी दाबून सपाट धरतात, पात्याखालून गेली की ती पुन्हा आपल्या वाकावर येते. आधी रंध्यावर एक बाजू आणि एक कड सरळ झाली पाहिजे, मगच थिकनेसरचा उपयोग.

दुसरं तुमच्या कामाला तोकडं आहे. एकूण बेडच्या साधारण दुप्पट लांबीपर्यंत लाकूड नीट सरळ करता येतं. ३ फुटी बेडवर ७ फुटी पाय म्हणजे पुढचं टोक लोंबतं, मागचं उचलतं आणि हात दाबण्यातच गुंततो. शिवाय वेल्डिंगची फ्रेम कालांतराने पिळते, आणि तो पीळ काढायला त्यात सोय नसते.

उरलं पहिलं. जुन्या मशीनमध्ये मोटार, बेल्ट, बेअरिंग, पाती, स्टार्टर हे सगळं नागपूरला एका दिवसात नवं मिळतं. बिडाचा बेड आणि ब्लॉकची (पाती बसवलेला फिरता रूळ) शाफ्ट मात्र मिळत नाही. त्यामुळे तपासणीचा वेळ या दोन गोष्टींवर घालवा.

जाताना न्यायचं सामान: ४ फुटी अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन, टॅपेट सेट करायचं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मॅग्नेट स्टँडसह डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं (नसेल तर एखाद्या लेथवाल्याकडून दिवसभरासाठी मागून घ्या), गुण्या, टॉर्च, अ‍ॅलन की आणि पाने, थोडं डिझेल, खडूची भुकटी, आणि २ फुटी बाभळीचा दांडा. सेक्शन सरळ आहे का ते घरीच पाहा. प्लायवर त्याच्या कडेने बारीक रेघ ओढा, सेक्शन उलटा करून त्याच रेघेला लावा. मध्ये दोन रेघा दिसल्या तर फरकाच्या निम्मा बाक सेक्शनमध्येच आहे.

सगळ्यात आधी ब्लॉक. बाजूने टॉर्च मारून आकार पाहा. ब्लॉक चौकोनी असेल आणि पाती वरून बोल्टने आवळलेली असतील, तर तिथेच थांबा. चौकोनी ब्लॉक आणि बेडच्या ओठात मोठी फट राहते, फिरताना ती फट बोट ओढून घेते. जुन्या मशीनवर असे ब्लॉक अजून सापडतात. गोल ब्लॉक, खाचेत पातं आणि पाचरीची पकड, एवढं असेल तरच पुढे जा. पाचरीचा प्रत्येक बोल्ट सोडून पुन्हा आवळून पाहा. एकही आटे खाल्लेला निघाला तर त्या ब्लॉकवर पातं चालवायचं नाही, कारण मिनिटाला ४ हजारांच्या वर फेऱ्यांत सुटलेलं पातं गोळीसारखं येतं.

मग बेअरिंग. बेल्ट उतरवून ब्लॉक हाताने फिरवा. खरखर, अडखळ किंवा किणकिण आली तर बेअरिंग गेलं. त्याचा खर्च फार नाही, ६२०६ किंवा ६३०६ असा आकडा त्यावर असेल. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे भोकाचे मिलिमीटर, म्हणजे ०६ ला ३० मि.मी. नवं घालताना रबरी सील असलेलं, टूआरएस लिहिलेलं घ्या. पत्र्याच्या झाकणाच्या टूझेडमध्ये सागवानाचा भुसा शिरतो.

खरी पाहायची गोष्ट बेअरिंगच्या खालची आहे. डायल गेजचा काटा ब्लॉकवर बेअरिंगजवळ टेकवा, बाभळीच्या दांड्याने शाफ्ट खालून उचला. काटा ०.०५ मि.मी.च्या वर हलला तर झीज आहे. ती बेअरिंगमध्ये आहे की शाफ्टच्या बैठकीत, हे कॅप, म्हणजे बेअरिंगच्या घराचं झाकण, खोलल्यावर कळतं. शाफ्ट चकचकीत घासलेली किंवा निळसर असेल तर बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर फिरत होती. घराच्या आत सेंटर पंचाने ठोकल्याचे ठिपके दिसले तर बैठक सैल झाली होती आणि ती ठिपके उठवून घट्ट केली. ही दुरुस्ती महिनाभर टिकते. पक्कं काम म्हणजे शाफ्ट लेथवर उतरवून बुश बसवणं किंवा मेटल भरून पुन्हा ग्राइंड करणं, आणि ते करणारा माणूस तालुक्याला मिळत नाही. अशी शाफ्ट दिसली तर मशीन सोडा किंवा भंगाराच्या भावात मागा.

बेडला तडा आहे का पाहा. कान, लिव्हरची जागा, बेड सरकतो ती वाट आणि पायाचे बोल्ट, या चार ठिकाणी. डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची भुकटी भुरभुरा. तड्यात मुरलेलं डिझेल भुकटीत काळी रेघ उठवतं. नव्या रंगाखाली हे दिसत नाही, म्हणून त्या जागचा रंग खरवडू द्या असं सांगा. खरवडू देत नसेल तर तेही उत्तरच आहे. बीड वेल्ड केलेला कान चालतो, सरकवाटेत वेल्डिंग असेल तर नाही.

शेवटी दोन्ही बेड एका रेषेत आहेत का. पुढचा बेड मागच्याच्या उंचीला आणा, सेक्शन दोन्हीवर लांबीला आणि मग कर्णावर टाका. दोन्ही टोकांना फिलर घाला. ०.१५ पर्यंत ठीक. दोन्ही बेडची बाहेरची टोकं खाली पडली असतील तर लाकडाची कड मध्ये खोलगट निघते, दोन कडा जोडल्या की मधून उजेड दिसतो. टोकं वर असतील तर कड मध्ये फुगीर, आणि जोडाच्या तोंडाला फट.

गोल आरीच्या शाफ्टवर पातं काढून डायल लावा. पातं बसतं त्या फ्लँजच्या तोंडावर ०.०३ च्या वर लपक नको, कारण १२ इंची पात्याच्या कडेला ती पाच-सहा पट होऊन दिसते. आरीमागे फाट उघडी ठेवणारी पट्टी आहे का बघा. बहुतेक जुन्या मशीनवर ती कुणीतरी काढून फेकलेली असते. नसेल तर ३ मि.मी. पत्र्याची करून घ्या, जाडी पात्याच्या चकतीपेक्षा थोडी जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी. तिच्याविना सागवानाचा ओला तुकडा पात्याला आवळतो आणि उलटा पोटावर येतो.

वाइंडिंग_यवतमाळ
वरचं सगळं बरोबर. विजेचं मात्र मशीन बघायला जाण्याआधी ठरवा, कारण तुमच्याकडे पहिलं मशीन आहे त्या मोटारीवर चालणारच नाही.

शेतीपंपाची लाइन शेडमध्ये ओढू नका. शेतीच्या जोडणीवर धंद्याचं मशीन म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर. आकारणी दुप्पट दराने होते, आणि किती दिवस वापर चालला ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची धरतात. तुमचं अख्खं बजेट त्यात जाईल. शिवाय त्या फीडरवर थ्री फेज ठरलेल्या तासांनाच, त्यातही आठवड्याआड रात्री.

दोन रस्ते उरतात. पहिला, महावितरणकडे शेडसाठी लघुदाब औद्योगिक थ्री फेज जोडणी मागायची. पोल जवळ असेल तर हाच करा. सिंगल फेजवर जास्तीत जास्त २ एचपी ओढायचा, हा दुसरा.

१८० व्होल्टचं गणित असं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर १८० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे ०.६१. शंभरातला ६१ भाग जोर उरतो. मोटार सुरू होताना रेंगाळते, तेवढा वेळ चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते आणि स्टार्ट वाइंडिंग किंवा कपॅसिटर जळतो. तुमची कामं सकाळी ६ ते ११ मध्ये बसवता आली तर बसवा. आणि मीटरपासून शेडपर्यंत २.५ चौरस मि.मी. अ‍ॅल्युमिनियम असेल तर आधी ते काढा. २ एचपी सिंगल फेजला सुमारे १० अँपियर लागतात. ३० मीटरवर २.५ च्या तांब्यात साडेचार व्होल्ट पडतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये सात, आणि सुरू होताना हेच पाच-सहा पट. ४ चौरस मि.मी. तांबं घाला.

१२ इंची ब्लॉकला २ एचपी पुरेल का? तुमचे पाय ४ इंची आहेत. ४ इंच रुंदीवर एका वेळी १ मि.मी. काढायला पुरतो. पूर्ण १२ इंची फळीवर अर्धा मि.मी. घ्या आणि हळू सरकवा. बाभळीवर त्याहून कमी.

व्हीएफडी ड्राइव्हबद्दल लोक लवकर हुरळतात म्हणून सांगतो. सिंगल फेज २३० घालून तो थ्री फेज २३० देतो, ४१५ देत नाही. मोटारीची वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटारी साधारण ४१५ ला स्टारमध्ये बांधलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर असतील आणि प्लेटवर २४०/४१५ लिहिलं असेल तर पट्ट्या बदलून डेल्टा करा, ती २३० वर पूर्ण जोराने चालते. पण ३ एचपी आणि वरच्या मोटारी बहुधा ४१५ ला आधीच डेल्टा असतात. त्यांना या ड्राइव्हवर जोडलं तर फिरतात, पण जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पहिल्या मशीनची ३ एचपी मोटार याच गटातली असणार. ती मोटार वेगळी विकून २ एचपी बसवणं स्वस्त.

मोटार पाहायची असेल तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, १ मेगाओमच्या खाली असेल तर घेऊ नका. तिन्ही फेजचा विनाभार प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजा, तिघांत १० टक्क्यांच्या वर फरक नको. ३ एचपीला पूर्ण भारावर सुमारे ४.५ ते ५ अँपियर, रिकामी फिरताना त्याच्या निम्म्याच्या आसपास. रिकामीच ४ ओढत असेल तर ती वाईट रिवाइंड झाली आहे. झाकण उघडून तारेला ब्लेड घासा, आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम.

मोटारीची प्लेट ४० अंश भोवतालच्या तापमानासाठी असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. मोटार मशीनच्या पोटात बंद करू नका, पंख्याच्या जाळीवरचा भुसा रोज झटका.

काळी_माती_वरूड
भाऊ, मशीन कोन्तं बी घ्या, पन जमीन पयले पाहा. आपली काळी माती पावसात फुगते नं उन्हाळ्यात दोन-दोन बोटं फाटते. सरळ फरशीवर मशीन ठेवलं तं पानसळ दर हंगामात बिघडते, मंग मानूस बेडले दोष देते. मशीनच्या जागेवर अडीच फूट खोदजा, काळी माती सारी बाहेर फेकजा. मुरूम ६-६ इंचाच्या थरानं भरजा, पानी मारजा, धुम्मसानं ठोकजा. वरतं ६ इंच काँक्रीट, जाळी टाकून. मशीनच्या पायाखाली अर्धा इंच रबर. हे काम मशीन आनायच्या १५ दिवस आधी, काँक्रीट पिकू द्या.

दुसरं, बँडसॉ (पट्ट्याची आरी) घ्यायचा मोह झाला तं थांबजा. गोल लाकूड चिरनं म्हनजे आरागिरनी झाली, अन् त्याले वनखात्याचा परवाना लागते. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा आदेश आला तवापासून ह्या धंद्यावर कडक नजर हाय. गोल आरीच्या पात्याचं माप बी नियमात येते, म्हनून १२ इंचीवाली घ्यायच्या आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या हापिसात लेखी अर्ज देऊन इचारजा नं उत्तर लेखीच घेजा. जुन्या म्यालीचं लाकूड कोनाच्या घरचं हाय त्याची चिठ्ठी, ग्रामपंचायतीचा शिक्का घेऊन, शेडमंदी ठेवजा. सागवान पाहून कोनी बी इचारते.

आर्वी_चौकट
खूप आभार सगळ्यांचे. चौकोनी-गोल ब्लॉकचं माहीतच नव्हतं. नागपूरचं मशीन सांगितल्याप्रमाणे तपासून आलो. मापं:

ब्लॉक गोल, ३ पाती, पाचरीचे सगळे बोल्ट ठीक. शाफ्ट उचलल्यावर काटा ०.०८ हलला. कॅप खोलली, शाफ्टची बैठक मळकट पण घासलेली नाही, पंचाचे ठिपके नाहीत. मागचा बेड सपाट. पुढच्या बेडचं बाहेरचं टोक ०.८ मि.मी. खाली. तडा कुठे नाही. आरीच्या फ्लँजला ०.०२. मोटारीची पुली ६ इंची, ब्लॉकची ३ इंची, दोन बी मापाचे व्ही बेल्ट, एकाच्या पोटाला आडव्या चिरा. पात्यांची रुंदी १७ मि.मी. उरली आहे. मालक ४६ ला तयार आहे. ०.८ सुधरतो का?

बीड_बेअरिंग
सुधरतो, घाबरू नका. बैठक घासलेली नसेल तर ०.०८ हे बेअरिंगचंच आहे, दोन्ही बदलली की जाईल. बेअरिंग ठोकून बसवू नका, तेलात सुमारे ८० ते ९० अंशांपर्यंत गरम करा, शाफ्टवर सहज सरकतं. टूआरएस मात्र तेलात टाकायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. ते २०० वॉटच्या बल्बखाली अर्धा तास ठेवा आणि आतल्या कडीवरच पाइप टेकवून दाबा.

०.८ चं आधी कारण शोधा. बेडचं बाहेरचं टोक हाताने वर उचला. कटकट आवाज येत असेल तर सरकवाटेची गिब पट्टी (बेड वाटेत घट्ट धरणारी) सैल आहे. तिचे स्क्रू मधल्यापासून टोकाकडे थोडे थोडे आवळा, बेड जड पण सरकता राहिला पाहिजे, मग पुन्हा मोजा. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. तरी उरलं तर वाट झिजली आहे आणि शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालायची. तिचं माप असं काढा: पुढचा बेड समजा २४ इंच, त्यावर ०.८ पडतं. सरकवाट समजा ८ इंच लांब, तर तिच्या बाहेरच्या टोकाखाली ०.८ गुणिले ८ भागिले २४, म्हणजे सुमारे ०.२७ मि.मी. हवी. पितळी शिम ०.२५ ची घ्या, वाटेच्या रुंदीइतकी कापा, ग्रीस लावून चिकटवा. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ चा असतो, त्याने आधी चाचणी घेऊन मग पितळ कापा. दोन्ही बाजूंच्या वाटांना सारखीच जाडी, नाहीतर बेड पिळेल.

पाती १७ उरली म्हणजे धार लावायला फार वाव नाही. पाचरीत पात्याची निम्म्याहून जास्त रुंदी दबली पाहिजे आणि ब्लॉकबाहेर साधारण १ मि.मी. एवढंच निघावं. नवा एचएसएस (हाय स्पीड स्टील) पात्यांचा संच धरा. घेताना तिन्ही पाती तराजूवर तोला, ग्रॅम-दोन ग्रॅमच्या आत जुळली नाहीत तर ब्लॉक थरथरतो आणि नवी बेअरिंगही खातो. खिळ्यांच्या म्यालींसाठी ही जुनी १७ ची पाती जपून ठेवा, त्यांवर आधी पहिला हात मारायचा. त्याआधी मॅग्नेट फिरवून खिळे काढायचेच. सागवानात मुळातच सिलिका असते, धार लवकर जाते, त्यात खिळ्याचा दणका पडला तर दात पडलेलं पातं पूर्ण रुंदीवर घासावं लागतं.

पुली पुरेशी नाही. मोटारीचे मिनिटाला १४४० फेरे, गुणिले ६ भागिले ३ म्हणजे ब्लॉकचे २८८० फेरे. एवढ्या हळू ब्लॉकने सागवानाचे उलटे रेशे उपटतात, पृष्ठभाग खडबडीत निघतो. ९ इंची पुली बसवा, ४३२० होतात. ४५०० च्या पुढे जुन्या ब्लॉकला नेऊ नका. पुली बदलताना खाचेत पाहा, बेल्ट खाचेच्या तळाला टेकत असेल तर खाच झिजली आहे. बेल्ट दोन्ही एकाच वेळी नवे घ्या, एक नवा एक जुना घातला तर सगळा भार नव्यावर जातो.

४६ जास्त वाटतात. बोलताना असं मांडा: बेअरिंग, पाती, बेल्ट, पुली, आणि मोटार तुमच्या कामाची नाही. मालकाला मोटार ठेवून घ्यायला सांगा आणि मशीन मोटारीविना मागा. खालची मर्यादा काय ती अशी काढा: मशीनचं वजन विचारा, त्या दिवशीचा बिडाचा भंगार भाव विचारा, गुणाकार करा. त्या आकड्यापाशी तो तसाही विकू शकतो, त्याखाली उतरणार नाही. दुरुस्ती धरून एकूण खर्च नव्याच्या दोनतृतीयांशावर गेला तर नवं घेणं बरं.

वाइंडिंग_यवतमाळ
मोटारीला ९ इंची पुली लावाल तर एक लक्षात ठेवा, मोठ्या पुलीने सुरुवातीचा भार वाढतो. २ एचपी सिंगल फेज घ्या ती कपॅसिटर स्टार्ट कपॅसिटर रन, १४४० फेऱ्यांची. पाण्याच्या पंपाच्या २८८० वाल्या मोटारी स्वस्त मिळतात, त्या नकोत. जुनी घेऊ नका, ह्या एकाच वस्तूवर नव्याचे पैसे घाला.

स्टार्टर डीओएलच घाला, साधा स्विच किंवा एमसीबी नको. डीओएलमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की संपर्क सुटतो आणि परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही. साध्या स्विचवर लाइट येते तेव्हा तुमचा हात ब्लॉकमधला भुसा काढत असू शकतो. पुढे थ्री फेज आलं तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर जोडीला हवा, आपल्या भागात एक फेज जाण्याने जितक्या मोटारी जळतात तितक्या ओव्हरलोडने जळत नाहीत. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि वेगळी अर्थिंग, सळी ओलाव्यापर्यंत खोल. उन्हाळ्यात काळी माती फाटली की वरवरची सळी हवेत लटकते.

पैशाचं अजून एक. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. नोंदणी आणि प्रशिक्षण झालं की अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं प्रोत्साहन, आणि तारणाशिवाय आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख, ५ टक्के व्याजाने. घरातल्या एकालाच मिळतं. हे पैसे जुन्या मशीनसाठी मोजू नका, नव्या मोटारीला आणि पात्यांना कामाला येतील.

काळी_माती_वरूड
कागद राह्यला. विकणाऱ्यानं हे मशीन बँकेच्या कर्जावर घेतलं असन तं बोजा हाय का इचारजा, बँकेचं ना-देयक पत्र मागजा. नाहीतर पैसे देल्यावर बँकवाला मशीन उचलाले येते. स्टँपवर करारनामा, त्याले मशीनच्या प्लेटचा फोटो नं नंबर जोडजा.

आर्वी_चौकट
मोटारीविना ३६ ला सौदा ठरला, करारनामा झाला, बँकेचं पत्रही मिळालं. वजन अंदाजे २८० किलो. छोट्या पिकअपमध्ये आणायचं आहे, खाली उतरवायला क्रेन नाही. कसं उतरवू?

बीड_बेअरिंग
निघण्यापूर्वी: पाती काढून वेगळी बांधा, आरीचं पातं काढा, दोन्ही बेड सगळ्यात खाली उतरवून कुलपाचे बोल्ट आवळा. गाइडची पट्टी सोडून घ्या, ती सगळ्यात आधी मोडते. बेडला किंवा ब्लॉकला दोर कधीच बांधू नका, पायाच्या बिडाखालून दोन दोर काढा. गाडीत मशीन उभंच, आडवं नाही, चारही बाजूंनी ताण. पावसाचे दिवस असतील तर बेडला आधी ग्रीस फासून वर प्लास्टिक.

उतरवायला शेडच्या दाराशी तीन बल्ल्यांची तिपाई करा, १ टनाची चेन ब्लॉक (साखळीने ओझं उचलायची कप्पी) लावा, गाडी खालून पुढे काढून घ्या. चेन ब्लॉक पाइप-बोअरवाल्यांकडे रोजाने मिळते. ती नसेल तर ३ इंची सागवानी दोन फळ्या उतार करून टाका, मशीन गाडीच्या मागच्या बाजूला बांधलेल्या दोराने रोखत इंच-इंच सोडा. खाली कुणी उभं राहायचं नाही. पुढे शेडमध्ये सरकवायला दीड इंची पाइपचे तीन तुकडे.

बसवल्यावर बेल्ट चढवायच्या आधी मोटार एकदा नुसतीच फिरवून दिशा पाहा. ब्लॉकची पाती तुमच्याकडे येणाऱ्या दिशेनं वरून फिरली पाहिजेत. उलटं असेल तर सिंगल फेजमध्ये स्टार्ट वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करा. मगच बेल्ट चढवा, आणि पहिल्या वेळी ५ मिनिटं रिकामं चालवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात टेकवणार नाही इतकं तापलं तर कॅप जास्त आवळली आहे, अर्धा आटा सैल करून पुन्हा पाहा.